ठकीची कंबर

"बाहुली? कागदाची?"

करवतबाईंनी हे अशा आवाजात विचारलं, जणू प्रकाशकाने मेलेला उंदीर शेपटीला धरून त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला होता.

प्रकाशक हसला. हा माणूस कशालाही हसायचा. गुबगुबीत गाल, खिशाला शाईचा डाग आणि तोंडात चोवीस तास एकच शब्द, 'मस्त'. मुलांची पुस्तकं छापून छापून त्याची अक्कलही मुलांच्याच मापाची राहिली आहे, असं बाईंचं मत त्याच्यासमोर बसायच्या आधीच झालं होतं. बाईंची मतं अशीच व्हायची. माणूस दारातून आत येईपर्यंत निकाल लागलेला असायचा.

करवत हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कलाशाळेत त्यांनी उभा जन्म पोशाखांचा इतिहास शिकवला, तिथल्या पोरांनी ठेवलेलं ते नाव. त्यांच्या कानावर आलं तेव्हा त्या वरवर भडकल्या आणि आतून खूश झाल्या. करवत म्हणजे निदान कामाची वस्तू. बाकीच्या मास्तरांना पोरं नावं ठेवायचीसुद्धा तसदी घेत नव्हती. बाईंच्या वर्गाचा एक रिवाज होता. आठवड्यातलं सगळ्यात भिकार चित्र त्या वर्गाच्या दारावर लाल टाचणीने लावायच्या, आणि ज्याचं असेल त्याने दिवसभर त्या दारातून ये-जा करायची. कोणी रडलं तर बाई म्हणायच्या, "रडू नका, कागद ओला होतो." अशी बाई.

आता त्या निवृत्त होत्या. शाळेने निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि लगेच ते दार रंगवून घेतलं. बाईंच्या घरी एक मोठं कपाट होतं आणि त्यात त्यांनी काढलेल्या, अभ्यासलेल्या, पुन्हा पुन्हा काढलेल्या पोशाखांच्या चित्रांच्या थप्प्या होत्या. कॉलर, बाह्या, चुण्या, बुटांचे बंद, टोप्यांची पिसं. हे सगळं शाळेच्या ग्रंथालयाला द्यायला त्या गेल्या, तर तिथली पोरगी म्हणाली, "ठेवायला जागा नाही हो." बाई घरी आल्या आणि आठ दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. म्हणजे तशाही बोलत नसत, पण त्या आठ दिवसांत कोणाला नावंसुद्धा ठेवली नाहीत. त्यावरून काय ते समजा.

त्यामुळे बाईंना एक पुस्तक हवं होतं. फक्त एक. कव्हरवर आपलं नाव, आत आपले पोशाख, आणि कोणीतरी ते फडताळात ठेवायला जागा केलेली. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. नाहीतर बाहुली हा शब्द ऐकून त्या उठून गेल्या असत्या. त्या बसून राहिल्या, यातच सगळं आलं.

"बाहुली आपली ठकी," प्रकाशक म्हणाला. "तुमच्या बहिणीची. आमच्या मासिकात दर महिन्याला येते, मुलं वेडी आहेत तिच्यामागे. आता पुस्तक करायचंय. बाहुली एक, कपडे दोघींचे. अर्धं पुस्तक तुमचं, इतिहासातल्या खऱ्या बायकांचे पोशाख. अर्धं तिचं, गोष्टीतल्या बायकांचे. एका पानावर खरी राणी, समोरच्या पानावर चेटकीण. मस्त की नाही?"

"माझी राणी तिच्या चेटकिणीला चिकटून बसणार?"

"पुस्तक मिटल्यावरच," प्रकाशक म्हणाला आणि स्वतःच हसला. मग जरा गंभीर झाला. "एक आधीच सांगतो. आमच्याकडे छापण्यापूर्वी कात्रीचा दिवस असतो. इथल्या लोकांची, खालच्या दुकानदारांची पोरं जमिनीवर बसतात, कच्ची पानं कापतात, बाहुलीला कपडे घालून बघतात. ज्याचं बसेल ते छापायचं, नाही बसलं ते गाळायचं. मग तो कितीही मोठा चित्रकार असो. माझ्या आईने काढलं असतं तरी गाळलं असतं."

"माझं बसेल," बाई म्हणाल्या. "तिचं बघा."

*

धाकटी बहीण दुसऱ्याच दिवशी बाईंच्या घरी आली, धापा टाकत, हातात गुंडाळी. ती एका लाँड्रीच्या वर राहायची आणि तिच्या कपड्यांना कायम इस्त्रीच्या वाफेचा वास यायचा. केसांत पेन्सिल. बोटांना रंग. पन्नाशी उलटली तरी अवतार शाळेतून पळून आलेल्या पोरीचा, असं बाई म्हणायच्या, आणि पळून आलेली हे तर खरंच होतं. धाकटी एके काळी बाईंच्याच वर्गात होती. एकदा तिने एका परीचा झगा काढला. झग्याला मागे पंख आणि पंखांना बटणं. बाईंनी तो दारावर लावला. सख्खी बहीण म्हणून सूट नाही, उलट टाचणी जरा जास्तच खोल गेली. पुढच्या सत्राला धाकटी शाळेत आलीच नाही. बाईंना त्याचं कधी काही वाटलं नाही. पंखांना बटणं म्हणे!

"ताई, हा ठकीचा छाप," धाकटीने गुंडाळी उलगडली. पातळ, आरपार दिसणारा कागद आणि त्यावर एकाच रेषेत ठकी. गोल चेहरा, एक हात सरळ खाली, दुसरा कमरेवर ठेवलेला, पाय जुळलेले. कमरेत मात्र अंमळ भरलेली. "याच्यावर कागद ठेवून काढ. खिडकीच्या काचेवर धरलंस तरी दिसेल. एवढंच सांभाळ, रेषेच्या बाहेर कितीही जा, पण रेषेच्या आत जाऊ नकोस. आत गेलीस की खालचं अंग दिसतं. आणि खांद्यावर, कमरेशी कान ठेव, मागे दुमडायला."

कान म्हणजे कपड्याच्या कडेला ठेवायच्या त्या पांढऱ्या पट्ट्या, ज्या मागे दुमडल्या की कपडा बाहुलीच्या अंगावर टिकतो. धाकटीच्या घरात त्यांना कान म्हणत.

"तू मला कपडे शिकवतेस?"

"कपडे नाही गं. ठकी."

"ही तुझी ठकी कमरेत सुटलीय." बाईंनी चष्मा कपाळावर सारला. "दरबारातल्या बायका पाठीवर नाड्या आवळून आवळून कंबर मुठीत मावेल एवढी करायच्या. श्वास घेता यायचा नाही त्यांना. आणि तू मला ही, ही... खालची इस्त्रीवाली आणून दिलीस."

"मुलांना अशीच आवडते."

"मुलांना नाकातलं काढून खायलाही आवडतं."

धाकटी हसली. तिला या असल्या बोलण्याचा राग येत नसे, आणि याचाच बाईंना राग येई. "ताई, तुझी राणी सुंदरच होणार. फक्त तेवढी रेष बघ," असं म्हणत ती जिना उतरली.

ती गेल्यावर बाईंनी छापावरून डोकं कुठे, खांदे कुठे, पाय कुठे एवढ्या खुणा घेतल्या, एक हात कमरेवर आहे हे लक्षात ठेवलं आणि बाकीचा छाप बिस्किटांच्या डब्याच्या तळाला घातला. कागद पातळ असला तरी चिवट होता, तूप शोषून घेणारा. कंबर त्या इतिहासातून घेणार होत्या. इतिहासात कोणी धाकटीला विचारून नाड्या आवळल्या नव्हत्या.

*

आणि काय काढलं बाईंनी! द्वेष करणाऱ्यानेही मान्य करावं असं. आठ पोशाख. गळ्याभोवती चुण्यांचं ताटाएवढं चाक असलेली विधवा राणी. बाह्या चिरून आतलं अस्तर बाहेर ओढलेली सेनापतीची बायको. तारांच्या पिंजऱ्यावर घागरा पसरलेली, दारातून आडवी होऊन जाणारी दरबारी बाई. प्रत्येक बटण आपल्या काळातलं, प्रत्येक गाठ आपल्या जागी. आणि सगळ्यांची कंबर मुठीत मावणारी, कमरेवरचा हात त्या बारीक कमरेला टेकलेला. बाई रात्री झोपताना दिवा बंद करायला उठायच्या आणि पुन्हा एकदा त्या पानांकडे बघायच्या. अशा वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं त्याला हसू म्हणतात, पण ते बघायला घरात कोणी नव्हतं.

पानं त्यांनी मुद्दाम उशिरा दिली. कात्रीच्या दिवसाला दोनच दिवस राहिले होते. थोर माणसाची वाट बघावी लागते, हे धाकटीला आणि त्या 'मस्त' माणसाला कळायला नको का? सगळी पानं जुळवून छापखान्याला द्यायचं काम धाकटीकडे होतं, म्हणून बाई स्वतः लाँड्रीच्या वरच्या त्या खोलीत गेल्या.

खोलीभर दोऱ्या आणि दोऱ्यांना चिमट्यांनी टांगलेल्या धाकटीच्या बायका. पावसाचं पाणी भरायला कोटाला बारा खिसे असलेली ढगमावशी. समुद्राच्या तळाशी शाळा चालवणारी मास्तरीण, तिच्या झग्याला शिंपल्यांच्या दौती. चोरांची राजकन्या, जिच्या पायघोळ कोटाच्या आतल्या बाजूला सगळ्या गावाची कुलपं. बाई त्या टांगलेल्या रांगेतून वाट काढत गेल्या.

"ढगाला खिसे!" त्या म्हणाल्या. "आणि ही मास्तरीण. बाई गं, शाई पाण्यात विरघळते हे तरी माहीत आहे का तुला?"

"तिथली विरघळत नाही," धाकटी म्हणाली. ती बाईंच्या राणीकडे बघत होती. तिने राणीचं पान काचेच्या टेबलावर ठेवलं, खालचा दिवा लावला आणि त्याखाली ठकी सरकवली. मग खाली वाकून बराच वेळ बघत राहिली.

"काय झालं?"

"ताई, कंबर..."

"कंबर काय?"

धाकटीने वर बघितलं. बाई ताठ उभ्या होत्या, हातात रिकामी पिशवी, गळ्याशी शेवटचं बटण लावलेलं. "कव्हरवर नावं कशी येणार?" त्यांनी अगदी सहज विचारावं तसं विचारलं. "नाही, मला काही नाही. पण वयाने मी मोठी. आणि नाव जरा जाड अक्षरात असलं तर लांबून दिसतं. फडताळात वगैरे." एवढं बोलून त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली, जणू समोरच्या भिंतीवर काही लिहिलं होतं.

धाकटीने खालचा दिवा बंद केला.

"काही नाही," ती म्हणाली. "फार सुंदर आहे, ताई."

"ते मला माहीत आहे. तू तुझं बघ. त्या दिवशी गळेल ते तुझंच गळेल."

*

कात्रीच्या दिवशी प्रकाशकाच्या कचेरीत जमिनीवर सतरंजी पसरली होती आणि तिच्यावर दहा-बारा कार्टी. बोथट कात्र्या, जिभा बाहेर, कागदाचे कपटे सगळीकडे. बाईंनी दारापाशी खुर्ची मागवून घेतली. हा त्यांच्या पोशाखांचा न्यायनिवाडा, आणि न्यायाधीश कोण, तर नाक पुसायची अक्कल नसलेले! पण खुर्ची मात्र त्यांनी दोनदा पुढे सरकवली.

एका दात पडलेल्या मुलीने कच्च्या पानांतली ठकी कापली, विधवा राणीचा पोशाख कापला, ठकीच्या अंगावर ठेवला, कान मागे दुमडले. बसला. असा बसला, जणू राणी त्या झग्यातच जन्मली होती. कमरेला कंबर, हाताला हात. तिने ठकीला उभं करून हलवलं. पडला नाही. मग सेनापतीची बायको. बसली. पिंजऱ्याचा घागरा. बसला. पोरं "आई शप्पथ!" म्हणाली. प्रकाशक दोनदा 'मस्त' म्हणाला आणि आयुष्यात पहिल्यांदा बाईंना तो शब्द बरा वाटला.

मग ढगमावशी. ती काही बसेना. कोटाची बाही एकीकडे आणि ठकीचा हात दुसरीकडे. कोपर बाहेर आलं. कोट पोटावर झोळीसारखा लोंबला. पोराने कान दुमडून बघितले, उलटे दुमडून बघितले, थुंकी लावून बघितली. समुद्रातल्या मास्तरणीचंही तेच. चोरांची राजकन्या तेवढी बसली आणि आणखी एक कुठली तरी घुबडीण. बाकी सगळ्यांचे हात चुकलेले.

"अगं, तुझी ठकी आणि तुलाच जमेना?" प्रकाशकाच्या गालांवरचं हसू पहिल्यांदा उतरलं. "इतकी वर्षं काढतेयस!"

धाकटी भिंतीला टेकून उभी होती. डोळे सुजलेले, दोन रात्री झोप नसावी असे. "या वेळी घाई झाली," एवढंच ती म्हणाली.

"बाकीचे नीट करायला आठ दिवस देऊ का हिला?" प्रकाशकाने बाईंकडे वळून विचारलं. नियमाचा पक्का माणूस, पण ठकीवर त्याचा जीव होता. "तुम्ही मोठ्या आहात. तुम्ही म्हणालात तर थांबतो."

सगळी कचेरी बाईंकडे बघत होती. इतक्या वर्षांनी पुन्हा त्यांच्या एका शब्दाची कोणी वाट बघत होतं. आणि बाई काय म्हणाल्या?

"माझ्या वर्गात असतं," त्या म्हणाल्या, "तर दारावर लागलं असतं."

झालं. प्रकाशकाने मान हलवली. धाकटीचे कपडे गाळायचे, बाईंकडून आणखी आठ पोशाख घ्यायचे आणि कव्हरवर नाव एकटं बाईंचं. धाकटीने सतरंजीवरची ढगमावशी उचलली, तिच्या कोटावरचा थुंकीचा डाग पदराने टिपला आणि ती जिना उतरून गेली. जाताना म्हणाली, "अभिनंदन, ताई." वर तेच ते हसू. बाईंना वाटलं, काय निगरगट्ट बाई आहे ही. हिला लाजसुद्धा वाटत नाही.

*

पुढचे काही दिवस बाई रस्त्यातल्या लोकांकडे जरा कमी तुच्छतेने बघत होत्या. कच्च्या पानांचा एक गठ्ठा त्यांनी घरी आणला होता, आणि कधी नव्हे ते त्यांनी खालच्या मजल्यावरच्या पोरीला वर बोलावलं. हेतू दाखवण्याचाच होता. ज्या बाईला त्या जिन्यात 'हो-नाही'पलीकडे उत्तर देत नसत, तिची ही मुलगी.

"घे. काप. नीट काप, ही राणी आहे, भेंडीची भाजी नाही."

पोरीने जीभ बाहेर काढून राणी कापली. मग फ्रॉकच्या खिशातून तिने एक ठकी काढली. मळलेली, मानेला चिकटपट्टी लावलेली, मासिकातून कधीतरी कापून पुठ्ठ्यावर डकवलेली. "माझी ठकी आहे ना माझ्याजवळ," ती म्हणाली आणि तिने राणीचा पोशाख त्या ठकीवर ठेवला.

मग ती म्हणाली, "बाई, तुमची राणी हिला होत नाही."

"तुला कापता येत नाही."

"रेषेवरच कापलंय. बघा ना. पोट दिसतंय."

बाईंनी बघितलं. राणीच्या काळ्या मखमलीच्या दोन्ही बाजूंनी ठकीची गुलाबी कंबर बाहेर आली होती आणि कमरेवरचा हात झग्याच्या बाहेरच लटकत होता, राणीला तिसरा हात फुटल्यासारखा. इतकी ओंगळ राणी बाईंनी जन्मात पाहिली नव्हती. पोरगी तोंडावर हात ठेवून खुदखुदली.

"ही ठकी वेगळी आहे," बाई म्हणाल्या.

"ठकी एकच असते," पोरगी म्हणाली. एवढी साधी गोष्ट मोठ्या बाईला कळत नाही याचं तिला नवल वाटलं.

बाईंनी गठ्ठ्यातली नवी ठकी घेतली, पोरीची जुनी ठकी घेतली आणि दोन्ही एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरल्या. डोकं जुळलं. खांदे जुळले. पाय जुळले. कंबर तेवढी दोन्हीकडून आत घेतलेली होती आणि हात तिच्यामागोमाग आत ओढलेला. अगदी बाईंच्या राणीच्या मापाला. मग त्यांना काहीतरी आठवलं. त्यांनी बिस्किटांचा डबा उपडा केला, बिस्किटं टेबलभर पडली, आणि तळातून तुपकट छाप निघाला. तो जुन्या ठकीवर ठेवला. रेषेवर रेष बसली.

एवढं कळायला त्यांना कोणी मास्तर लागणार नव्हता. धाकटीने दोन दिवसांत आपली ठकी मोडली होती. बाईंच्या आठ राण्यांसाठी तिने ठकीची कंबर कापली, हात हलवला, नवी ठकी काढली, आणि तिला स्वतःचे जेवढे कपडे नव्याने काढता आले तेवढे काढले. दोनच जमले. बाकीचे जुन्या ठकीच्या मापाचे तसेच गेले, आणि भर कचेरीत लोंबले.

"बाई, बिस्किट घेऊ?" पोरीने विचारलं.

"सगळी ने," बाई म्हणाल्या. "आणि तुझी ठकी आजच्या दिवस मला दे."

त्या खुर्चीत बसल्या. मूर्ख, त्या मनाशी म्हणाल्या. गाढव. अडाणी. दीडशहाणी. हे शब्द त्यांनी आयुष्यभर शेकडो लोकांसाठी वापरले होते, पण आज प्रत्येक शब्द जिथे जाऊन बसत होता तिथे तो अगदी मापात बसत होता.

*

सकाळी त्या प्रकाशकाच्या कचेरीत पोचल्या तेव्हा धाकटी तिथेच होती, आपली गाळलेली पानं परत न्यायला आली होती. बाईंनी कोणाला नमस्कार केला नाही. पिशवीतून त्यांनी चिकटपट्टीवाली ठकी काढली, तिला विधवा राणीचा पोशाख घातला, पोट दोन्हीकडून बाहेर, तिसरा हात लटकलेला. ती त्यांनी प्रकाशकाच्या लाकडी दारावर धरली आणि लाल टाचणी तिच्यातून दारात दाबली. टाचणी शाळेतलीच होती. त्यांनी डबी जपून ठेवली होती.

"हे काय?" प्रकाशक उठून आला. मागोमाग कचेरीतले दोघेतिघे.

"या आठवड्यातलं सगळ्यात भिकार चित्र," बाई म्हणाल्या. "काढणाऱ्या बाईला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, रेषेच्या आत जाऊ नकोस. तिने ती रेष बिस्किटांखाली घातली. आता हसा. हसा ना! इतके दिवस उगाच हसत होतात, आज कारण आहे."

कोणी हसलं नाही. प्रकाशक एकदा ठकीकडे बघायचा, एकदा धाकटीकडे. हळूहळू त्याच्या लक्षात आलं.

"तू ठकी बदललीस?" तो धाकटीला म्हणाला. "माझी ठकी?"

धाकटीने आपली पानं टेबलावर ठेवली.

"का?" हे बाईंनी विचारलं. आवाज नेहमीचाच, करवतीचा. "मला तोंडावर सांगता आलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू पानं उचलून घरी गेली असतीस," धाकटी म्हणाली. "आणि कपाट बंद केलं असतंस. मग कोणी उघडलं असतं ते? माझी ठकी काय, दर महिन्याला येते. तुला हे एकच होतं."

  बाई प्रकाशकाकडे वळल्या.

"जुनी ठकी छापा. तिचे सगळे कपडे छापा, खिसेवाल्या ढगासकट. माझे गाळा. तुमचाच नियम आहे."

"बाई, अहो, पण कव्हरचं..."

"गाळा म्हटलं ना!"

त्या जायला निघाल्या. पण दार एकच होतं, आणि त्या दारावर त्यांची राणी पोट सोडून उभी होती. बाई तिच्यापुढे थबकल्या. इतकी वर्षं पोरांना त्यांनी असल्या दारातून जायला लावलं होतं, आणि त्यातून जाताना पाय असे जड होतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

धाकटी मागून आली. तिने टाचणी काढली, राणीला हातावर घेतलं आणि टाचणीने पडलेलं भोक अंगठ्याने दाबून सारखं केलं.

"गळ्याचं चाक अप्रतिम जमलंय," ती म्हणाली. "कंबर तेवढी दोन्हीकडून सैल करावी लागेल. करशील?"

"एवढ्या कमरेची राणी त्या दरबारात एकही नव्हती."

"नसेल."

"साफ खोटं होईल ते."

"होईल."

बाईंनी राणी तिच्या हातातून घेतली. मग त्यांनी पिशवी काखेला लावली आणि गळ्याशी लावलेलं शेवटचं बटण काढलं.

"माझ्याकडचा छाप तुपकट झालाय," त्या म्हणाल्या. "दुसरा काढून दे."